डबा रिकामा असला तरी

"मला मासे नकोत. फक्त डोकी हवीत."

अझोराने मान वर केली. सप्टेंबरातली शनिवारची सकाळ, मासे धुरावर भाजून विकायच्या धुरघराच्या खिडकीपुढे ही एवढी रांग, धुकं असं की रांगेचं शेपूट दिसत नव्हतं. आणि खिडकीत हा उंच, किंचित वाकलेला माणूस. चष्म्यावर धुक्याचे थेंब, आणि मागतोय काय, तर डोकी!

"डोकी?"

"हो… म्हणजे ग्रुंडुल माशाची. तुम्ही ती टाकून देता, असं कळलं."

"टाकत नाही, मांजरांना घालते. तुम्ही कुठल्या मांजराकडून आलात?"

रांगेत खसखस पिकली. तो माणूस लाजला, आणि लाजला तो कानांपासून. आधी कान लाल झाले, मग गाल. अझोराला उगीचच मजा वाटली.

"मी तालिस. रीगाहून आलोय, मासळी संशोधन करणाऱ्या संस्थेतून. मला डोक्यातलं बाकी काही नकोय. फक्त कानातलं हाड."

"अगं बाई! माशाला कान असतात?" रांगेत पुढे उभी असलेली शेजारची बिरुतामावशी म्हणाली.

"असतात. बाहेरून दिसत नाहीत, इतकंच."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखे. असून नसल्यासारखे," मावशी म्हणाली, आणि तालिसचं काम तिथेच झालं. ज्याने बिरुतामावशीला अशी संधी दिली, त्याला गावात कुणी परका म्हणत नाही.

अझोराने त्याला बादलीभर डोकी दिली. पैसे घेतले नाहीत. "उद्या या," असं मात्र तोंडातून निघून गेलं, आणि मग दिवसभर ती स्वतःवरच चिडून लाकडं आपटत राहिली. रीगाच्या पोरांच्या बाबतीत तिने केव्हाच कानाला खडा लावला होता. त्यातलं एक पोरगं दोन उन्हाळे तिच्या हातचे मासे खाऊन, गोड गोड बोलून, तिसऱ्या उन्हाळ्यात बायको घेऊन आलं होतं. तेव्हापासून खिडकीतून मासे द्यायचे, सुटे पैसे द्यायचे, आणि हसू द्यायचं नाही, असा तिचा नियम.

आता हा ग्रुंडुल काय चीज आहे ते सांगते. मोठं डोकं, फुगलेले गाल, सदा रुसलेलं तोंड. हा मूळचा इथला नव्हेच. काळ्या समुद्रातून जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर आला आणि बाल्टिकमध्ये असा पसरला की विचारू नका. आधी लोकांनी शिव्या दिल्या. मग कुणीतरी त्याला अल्डरच्या लाकडांची धुरी दिली, आणि शिव्या देणारे बोटं चाटत गप्प बसले. अझोराचे वडील झानिस समुद्रातून ग्रुंडुल आणायचे, अझोरा धुरी द्यायची, आणि दोघांचं घर त्यावर चालायचं.

पण तोच ग्रुंडुल आता गावामागच्या तळ्यातही दिसायला लागला होता, आणि तळ्यातल्या माशांची अंडी गट्टम करत होता. तळं आणि समुद्र यांच्यामध्ये पणजोबांच्या पिढीने खणलेला कालवा होता. झानिसचं घर तळ्याकाठी, होडी दाराशी. रोज पहाटे ती होडी कालव्यातून समुद्रात जायची. जिल्हा कचेरीचं म्हणणं सरळ होतं. ग्रुंडुल कालव्यातून तळ्यात शिरत असेल, तर कालव्याच्या तोंडाशी बांध घालायचा. शिरत नसेल, कुणी बादलीतून आणून सोडला असेल, तर बांध घालून उपयोग काय? मग कालवा राहू द्यायचा.

बांध झाला की झानिसची होडी संपली. दुसरं बंदर तासाभराच्या अंतरावर, आणि सत्तरी ओलांडलेला माणूस रोज तिथे कसा जाणार? होडी नाही तर मासे नाहीत, मासे नाहीत तर धुरघर नाही. आणि हे सगळं ठरणार होतं तांदळाच्या कणीएवढ्या एका हाडावरून. ते हाड वाचणारा माणूस होता तालिस.

तो दुसऱ्या दिवशी आला. मग तिसऱ्या दिवशीही. झानिसने दोन डबे ठेवले, समुद्रातल्या माशांचा निळा आणि तळ्यातल्यांचा पिवळा. पहिल्या दिवशी पिवळा डबा रिकामाच आला, तेव्हा तालिसचं तोंड उतरलं. "इथे मासेच मिळत नसतील तर मला पलीकडच्या तळ्यावर जावं लागेल," तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवसापासून पिवळा डबाही काठोकाठ भरून यायला लागला. झानिस डबा टेबलावर ठेवायचा, आपल्या लोकरी टोपीतून डोकं खाजवायचा, आणि घाईघाईने निघून जायचा.

धुरघराच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं होतं. तालिस डोकं कापायचा, चिमट्याने पांढरी कणी अलगद काढायचा, पुसून कुपीत टाकायचा. अझोरा आधी नुसती बघायची. मग एक दिवस तिने चिमटा मागितला.

"जपून हं… तुटतं."

"मी रोज शेकडो मासे साफ करते. तुम्ही किती करता?"

"मी… कमी."

"मग सरका."

तो सरकला. फार नाही. तिच्या पहिल्याच हाताला कणी अखंड निघाली. तालिसने ती मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि खुर्ची तिच्याकडे ओढली. अझोराने डोळा लावला. आत एकात एक, एकात एक, बारीक कडी…

"झाडात वर्षाचं एक कडं असतं ना? यात रोजचं एक," तो तिच्या खांद्याशी वाकून हळूच म्हणाला. "आणि त्या दिवशी मासा ज्या पाण्यात होता, त्या पाण्याची खूण त्या कड्यात राहते. अगदी मध्ये जन्माचं पाणी. कडेला कालचं."

"म्हणजे काही लपवता येत नाही बिचाऱ्याला."

"काहीच नाही."

"बरं झालं माणसांच्या कानात नसतं असं काही."

"असतं तर… तुमच्यात काय दिसलं असतं?"

अझोराने मायक्रोस्कोपमधून डोळा काढला नाही. "धूर," ती म्हणाली. "एकूण एक कड्यात धूर." आणि नियम मोडून हसली. खिडकीबाहेरून झानिस चालला होता. तो क्षणभर थांबला, आत बघितलं, आणि पुढे गेला.

एकदा तालिस भिंतीवरच्या कॅलेंडरात काहीतरी शोधत होता. इथल्या कॅलेंडरात रोज कुणा ना कुणाच्या नावाचा दिवस असतो, आणि त्या दिवशी त्या नावाच्या माणसाकडे फुलं घेऊन जायचं असतं.

"शोधू नका," अझोरा म्हणाली. "माझं नाव नाही त्यात. मी जन्मले तेव्हा बाबा मोठ्या जहाजावर होते, अझोर बेटांपाशी. तार गेली, मुलगी झाली. बाबांनी समोर बेट बघितलं आणि तेच नाव पाठवून दिलं. आई महिनाभर बोलली नाही त्यांच्याशी."

"मग ज्यांचं नाव कॅलेंडरात नाही त्यांचा दिवस… बावीस मे."

"ठाऊक आहे की तुम्हाला!"

"बोलावणार मला?"

"नावाच्या दिवसाला कुणी बोलावतं का? तुमच्या रीगात बोलावतात वाटतं!" तिने चिमटा त्याच्या दिशेने नाचवला. "केक करायचा, दार उघडं ठेवायचं. ज्याला यायचं तो येतो."

पण एक प्रश्न तिच्या मनात रोज घोळत होता. ऑक्टोबरच्या शेवटी, गवतावर पहिलं दहिवर गोठलं त्या सकाळी, तिने तो विचारलाच.

"आणि मासे कालव्यातूनच आले असतील तर?"

तालिसने चिमटा खाली ठेवला. "तर… मला तसंच सांगावं लागेल."

"माहीत आहे. खोटं सांगा असं मी म्हणत नाहीये." तिचा आवाज बारीक झाला. "फक्त कचेरीच्या आधी मला सांगाल?"

"सगळ्यांच्या आधी तुम्हालाच सांगेन."

त्याने हात पुढे केला. तिने आपला ओला, माशांच्या वासाचा हात त्यात दिला. हात सोडायचा कुणाला आठवलंच नाही… मग बाहेर बस आली, आणि तालिस कुप्यांची पेटी घेऊन रीगाला गेला.

हिवाळाभर फोन चालले. तो विचारायचा, तळं गोठलं का? ती विचारायची, कान अजून लाल होतात का? झानिस कोपऱ्यात जाळं विणत बसायचा आणि ऐकू येत नसल्याचं सोंग करायचा.

मार्चमध्ये तालिस आला. न कळवता. दारात उभा राहिला तेव्हाच अझोराला कळलं, कारण त्याचे कान लाल नव्हते, पांढरे पडले होते.

"पुढच्या आठवड्यात कचेरीला सांगायचं आहे. त्याआधी तुम्हाला… मी कबूल केलं होतं."

"सांगा."

"पिवळ्या डब्यातले सगळे समुद्रात जन्मलेत. सगळे. अझोरा, मला वाईट—"

"बांध होणार?"

"बहुतेक. पण त्यात एक गोष्ट विचित्र आहे. त्यांच्या कडेलासुद्धा तळ्याचं पाणी नाही. एका दिवसाचंही नाही. म्हणजे जणू आदल्या रात्रीच कालव्यातून—"

पण अझोराला पुढचं काही ऐकूच आलं नाही. ती कालव्याकडे बघत होती. बर्फ फुटत होतं, आणि बाबांची होडी काठावर पालथी पडली होती, उन्हाळ्याची वाट बघत.

"मी माझ्या हातांनी काढली ती हाडं," ती म्हणाली. "आमचेच मासे घेतलेत आणि आमच्याच गळ्याला सुरी लावलीत."

"मी खोटं सांगायला हवं होतं का?"

"नाही! म्हणूनच तर—" म्हणूनच तर चिडायलाही धड जागा नव्हती, आणि त्यामुळे ती जास्तच चिडली. "जा तुम्ही. मी बोलावल्याशिवाय या दारात पाऊल टाकायचं नाही!"

तो गेला. मागे वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर गेला नसता. हे त्याने पुढे सांगितलं, आत्ता नव्हे.

दुपारी जेवताना अझोराने वडिलांना सगळं सांगितलं. रडत, नाक पुसत, राईच्या पावाचे तुकडे करत. "आणि वर म्हणतो, त्या माशांना तळ्याचं पाणी लागलेलंच नाही म्हणे! एका दिवसाचंसुद्धा!"

झानिसच्या हातातला चमचा थांबला.

"असं दिसतं… त्या हाडात?"

"सगळं दिसतं. कुठे जन्मला, काल कुठे होता, सगळं."

झानिसने चमचा ठेवला. टोपी काढली. ही टोपी तो फक्त चर्चमध्ये आणि डॉक्टरपुढे काढायचा. "मग घोटाळा झाला, पोरी."

"कसला घोटाळा?"

"ते तळ्यातले नव्हतेच. तळ्यातल्या पिंजऱ्यात सापडायचंच नाही काही. पहिल्या दिवशी डबा रिकामा बघून तो पोरगा पलीकडच्या तळ्यावर निघाला होता. आठवतं? मग मी… समुद्रातलेच टाकले पिवळ्या डब्यात. रोज."

"बाबा! का?"

म्हाताऱ्याने खिडकीबाहेर बघितलं. "तो आला की तुझा चेहरा खुलायचा. मग तर तू हसायलाही लागलीस. चार वर्षांत हसली नव्हतीस तशी. म्हटलं, रिकाम्या डब्यापायी तो पोरगा जायला नको."

अझोराने पावाचा तुकडा ताटात टाकला. "अहो, पण स्वतःच्या होडीवर स्वतःच—"

"मला काय ठाऊक मासा मेल्यावर चुगली करतो ते! ग्रुंडुल तो ग्रुंडुल, कान तो कान!"

ती हसली की रडली ते तिलाच कळलं नाही. उठून तिने त्याच्या टकलावर ओठ टेकले, टोपी परत घातली, आणि फोन त्याच्या पुढ्यात ठेवला. "आत्ताच्या आत्ता त्याला सांगा. तुम्ही स्वतः."

झानिसने सांगितलं. पलीकडे तालिस म्हणे इतका हसला की झानिसला फोन कानापासून लांब धरावा लागला. कचेरीने मुदत वाढवून दिली. या वेळी मासे तालिस स्वतः पकडणार होता.

एप्रिलमध्ये तो आला, पण दारात नाही. बिरुतामावशीच्या माळ्यावर राहिला. पहाटे झानिसच्या होडीत बसून दोघं तळ्यात पिंजरे टाकायचे, उचलायचे, दिवसभर वल्ही मारून चार-दोन मासे आणायचे. अझोरा धुरघराच्या खिडकीतून बघायची. घरासमोर होडी लागली की तालिस उतरायचा, पायऱ्यांपर्यंत यायचा, आणि तिथेच थांबायचा. वर मात्र यायचा नाही.

"तो विचारतो, तू बरी आहेस का," झानिस वर येऊन सांगायचा.

"सांगा, धुराने डोळे चुरचुरतात, बाकी बरी आहे."

झानिस खाली जायचा. परत वर यायचा. "तो विचारतो, मार्चमध्येही धूरच होता का डोळ्यांत?"

"त्याला सांगा… काही नका सांगू."

"अगं, मला गुडघे आहेत! बोलाव की त्याला वर, आणि बोला काय ते तोंडाने!"

पण अझोरा बोलवेना. हट्टीपणात ती झानिसची मुलगी शोभायची, हे खरं. पण नुसता हट्ट नव्हता तो. निकाल यायचा होता. आत्ता बोलावलं तर निकालासाठी गोड बोलतेय असं व्हायचं, आणि त्याच्या मनात नाही आलं तरी तिच्या मनात ते कायम राहायचं. मग तिला त्याचा हात कधीच मोकळेपणाने धरता आला नसता. रात्री ती उशीत तोंड खुपसून स्वतःला मूर्ख म्हणायची, आणि सकाळी पुन्हा खिडकीत उभी राहायची.

मेच्या सुरुवातीला तो हाडं घेऊन रीगाला परतला. फोन आला नाही.

बावीस मे उजाडला. कुंपणावर लायलॅक फुललेला. अझोराने केशर घालून मोठा क्लिंगेरिस, म्हणजे वेटोळ्याचा केक, भाजला, वर बदाम लावले, दार सताड उघडं ठेवलं. बिरुतामावशी आली, तिचा तळ्यावर गळ टाकून बसणारा नवरा आला, धुरघराची गिऱ्हाइकं आली. सगळे फुलं घेऊन. अझोरा सगळ्यांशी हसून बोलत होती आणि दाराकडे बघत नव्हती. मावशीने मोजलं, न बघण्यासाठी तिने किती वेळा मान वळवली ते.

दुपार कलली. कॉफी दुसऱ्यांदा उकळली. आणि दारात लायलॅकची एवढी मोठी जुडी उभी राहिली. तिच्यामागे चष्मा, चष्म्याच्या दोन्ही बाजूंना लालबुंद कान.

अझोरा पुढे गेली. उंबऱ्याच्या आत ती, बाहेर तो.

"कुणी बोलावलं तुम्हाला?"

"कुणीच नाही." तालिसने घसा साफ केला. "पण आज बोलवायचं नसतं. ज्याला यायचं तो येतो… असं मला एकीने सांगितलं होतं."

"फुलं सम नाहीत ना रे?" मागून मावशी ओरडली. सम आकड्यात फुलं इथे मयताला नेतात ना.

"नाहीत मावशी! बसमध्ये तीनदा मोजली."

मग तो अझोराकडे वळला आणि आवाज खाली आणला. "निकाल आलाय. सकाळीच. मी आधी तुम्हाला—"

"थांब." तिने त्याच्या ओठांवर हात ठेवला. त्या हाताला आज केशराचा वास होता. "आधी माझं ऐक. बांध होवो नाहीतर न होवो. तू आलास आणि मला… मला श्वास घेता आला, तालिस. मार्चपासून नव्हता येत. मला तू हवा आहेस. हे निकालाच्या आधी सांगायचं होतं. नंतर सांगितलं असतं तर माझं मलाच खरं वाटलं नसतं."

तू… पहिल्यांदा तू! तालिसच्या हातातली जुडी खाली गेली, आणि तो उंबरा ओलांडून आत आला. "मी तर पहिल्या दिवसापासून—" तो म्हणाला. "तू मला मांजर म्हणालीस ना… तेव्हापासून."

त्याने तिचा हात ओठांवरून काढला नाही. तळव्यावर ओठ टेकवले. बिरुतामावशीने डोळ्यांना रुमाल लावायच्या ऐवजी टेबलक्लॉथ लावला.

"ते सगळं ठीक आहे!" कोपऱ्यातून झानिस गरजला. टोपी हातात होती, पिळून पिळून तिची दोरी झाली होती. "पण माझ्या होडीचं काय झालं, ते सांगशील का रे बाबा?"

तालिस दचकला. खरोखरच विसरला होता. "अं… हो! बांध होणार नाही. तळ्यातले मासे तळ्यातच जन्मलेत. मधलं कडं तळ्याचं, कडेचंही तळ्याचं. समुद्र त्यांनी बघितलेलासुद्धा नाही. कालव्यातून येत असते तर एखादा तरी समुद्रात जन्मलेला सापडला असता. त्यांच्या आईबापांना कुणीतरी गळाला लावायला म्हणून बादलीतून आणलं असणार, आणि उरलेले तळ्यात ओतले असणार."

बिरुतामावशीने सावकाश नवऱ्याकडे बघितलं. नवरा एकाएकी क्लिंगेरिसचे बदाम वेचण्यात फारच गुंग झाला.

मग एकच गलका उडाला. कुणी झानिसच्या पाठीवर थापा मारल्या, कुणी बियर उघडली. झानिस मात्र उठला, मागच्या खोलीत गेला, आणि पिवळा डबा घेऊन आला. झाकण उघडून त्याने तो तालिसच्या पुढ्यात ठेवला. आत काही नव्हतं.

"हे बघ," म्हातारा म्हणाला. "मी आता पुन्हा लबाडी करणार नाही. तळ्यात मिळाले तर मिळाले, नाहीतर डबा असाच येणार. रिकामा. तरी येशील ना?"

तालिसने अझोराकडे बघितलं. अझोराने लायलॅकची जुडी उचलली, घरात फुलदाणी उरली नव्हती म्हणून डब्यात पाणी ओतलं, आणि फुलं त्यात नीट रोवून ठेवली.

"येण्याचं काय विचारता बाबा," ती म्हणाली. "आधी त्याला जाऊ तरी देईन का, ते विचारा."